एका हरलेल्या हंगामाचा अभ्यास



वार्षिकाच्या क्रीडावृत्तासाठी दर वर्षी नाताळच्या सुटीपूर्वी आम्ही क्रिकेट संघाची धावपुस्तिका मागवून घेत असतो. यंदा ती हाती आली तेव्हा चालू हंगामाची बाराही पाने मुळापासून फाडलेली आढळली. चौकशी करता संघनायक पुढे आला आणि मान खाली घालून म्हणाला, "सर, मीच फाडली. वसतिगृहाच्या चुलीत घातली. सहा सामने खेळलो, सहाही हरलो. आता ते छापून घरोघर जाणार. यंदा क्रिकेटचे पान नसले तर नाही का चालणार?"

आम्हांस प्रथम राग आला, हे कबूल केले पाहिजे. परंतु आम्ही स्वतः शाळेत असता अकरावा गडी म्हणून खेळत असू आणि बहुधा पहिल्याच चेंडूवर परत येत असू. त्यामुळे त्या मुलाच्या मनात काय चालले असेल, हे आम्हांस अगदीच अपरिचित नव्हते. आम्ही त्याला शिक्षा केली नाही. पुढच्या शनिवारी दुपारी तो आणि त्याचे सोबती यांस ग्रंथालयात बसवून एका फार मोठ्या संघाच्या फार मोठ्या पराभवाची हकीकत सांगितली. तीच येथे थोडी विस्ताराने देत आहो.

इसवी सन १९११ च्या उन्हाळ्यात साऱ्या हिंदुस्थानच्या नावाने खेळणारा पहिला क्रिकेट संघ विलायतेस गेला. पारशी मंडळींचे दोन संघ त्यापूर्वी जाऊन आले होते. त्यांचे वृत्त पुढे येईलच. परंतु पारशी, हिंदू व मुसलमान खेळाडू एका नावाखाली समुद्र ओलांडून गेले ते ह्याच वेळी प्रथम. संघाचे नायक पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह हे होते. त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे. म्हणजे आमच्या शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांहून ते फारसे मोठे नव्हते. ह्या संघाने एकंदर २३ सामने खेळले. त्यांपैकी ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णित राहिले. केवळ पहिल्या दर्जाचे सामने मोजावयाचे तर ते १४ होते. त्यांतील जिंकलेले २, हरलेले १० व अनिर्णित २.

हे आकडे फळ्यावर लिहिताच मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपल्यापेक्षा बरेच बरे आहेत की!" सारी मुले हसली आणि आम्हांसही हसू आवरले नाही. मात्र संघनायक हसला नाही.

एवढे पराभव का झाले, ह्याची कारणे शोधणे हा अभ्यासाचा पहिला भाग होय. 'नशीब फुटके' असे म्हणणे सोपे आहे, पण त्याने ज्ञानात कसलीच भर पडत नाही. १९११ च्या बाबतीत कारणे नीट दाखविता येतात. त्या वर्षी जून महिन्यात लंडनला बादशहा पंचम जॉर्ज ह्यांचा राज्याभिषेक होता. महाराज नायक खरे, परंतु ते संस्थानिकही होते. मेजवान्या व दरबार ह्यांत गुंतून ते मोजकेच सामने खेळले. त्यांच्या चाकरीत असलेले कैखुश्रू मिस्त्री हे संघातील अव्वल फलंदाजांपैकी एक. धन्याबरोबर त्यांनाही बहुतेक सामन्यांस मुकावे लागले. नायक नाही आणि भरवशाचा फलंदाजही नाही, अशा स्थितीत उरलेल्यांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांचे संघ, लॉर्ड्सवर एम.सी.सी., सरे, केंट, लँकेशायर अशा कसलेल्या मंडळींशी झुंज द्यावयाची होती.

दुसरे कारण ह्याहून खोल आहे. हे खेळाडू आपसांत फारसे कधी एका बाजूने खेळलेच नव्हते. १९०७ पासून मुंबईत तिरंगी सामने होत असत. त्यांत युरोपियन, पारशी व हिंदू असे तीन संघ एकमेकांविरुद्ध उतरत. म्हणजे दर वर्षी ज्याला बाद करण्यासाठी जिवाचे रान करावयाचे, त्यालाच विलायतेच्या मैदानावर साथ देऊन एकेक धाव काढावयाची होती. धाव घेताना दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकावा लागतो, आणि तो आगबोटीच्या प्रवासात तयार होत नाही. ह्याखेरीज नवे हवामान, अनोळखी खेळपट्ट्या आणि एका उन्हाळ्यात २३ सामन्यांची दगदग होतीच. तिच्याविषयी अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. फलंदाजी वारंवार ढासळली आणि संघ एकामागून एक सामने हरत गेला.

आता ह्या पराभवाच्या पोटात काय होते ते पाहू.

त्या संघात पळवणकर आडनावाचे दोन बंधू होते. थोरले बाळू आणि धाकटे शिवराम. घराणे मूळचे कोकणातील पळवणचे, चांभार समाजातले. त्या काळच्या समाजाने अस्पृश्य ठरविलेले. वडील लष्करात नोकरीस होते. बाळूंचा जन्म धारवाडचा, पण ते वाढले आणि खेळ शिकले ते आपल्या पुण्यात. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे त्यांचे पहिले काम होते, पगार महिना तीन रुपये. पुढे साहेब लोकांच्या क्लबात ते चार रुपयांवर लागले. तेथे मैदानाची निगा राखावयाची, जाळी बांधावयाची आणि साहेबांस सरावासाठी चेंडू टाकावयाचे. कॅप्टन ग्रेग म्हणून एक नामांकित फलंदाज होते. आपणांस बाद केल्यास दर वेळी आठ आणे देईन, असे त्यांनी बाळूंस कबूल केल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ग्रेगसाहेबांस तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंची डावखुरी मंदगती गोलंदाजी घोटली गेली, एवढे खरे. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही. सरावात फलंदाजी करणे हा साहेबांचा मान होता.

पुण्यातील हिंदूंच्या संघास साहेबांना हरवावयाचे होते आणि साहेबांना रोज चेंडू टाकणारा हा मनुष्य डोळ्यांसमोर होता. त्याला संघात घ्यावे की नाही ह्यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलला. परंतु चहाच्या वेळी इतर मंडळी आत बसत आणि बाळूंस बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचे ताटही निराळे आणि पंक्तीही निराळी.

येथे आमच्या वसतिगृहातील एका मुलाने हात वर केला. केळद-पासलीच्या बाजूचा, एरवी वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तो. त्याने विचारले, "सर, पण चेंडू तर सगळ्यांच्याच हातांतून जात होता ना?"

ह्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते त्या मंडळींपाशी तरी होते की नाही, कोण जाणे.

साताऱ्याची गोष्ट आमच्या मुलांस फार आवडली, कारण तो रस्ता त्यांच्या पायाखालचा आहे. साताऱ्यास साहेबांच्या जिमखान्याशी सामना ठरला. तेथील मंडळींनी बाळूंच्या फिरकीची धास्ती घेऊन आठवडाभर रूळ फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती असे सांगतात. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुणेकर जिंकले. पुण्यास परतल्यावर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी बाळूंचा गौरव केला आणि ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणे का करू नये, असे संघातल्या मंडळींस सुनावले, अशीही आठवण सांगितली जाते. पुढे प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेले, रेल्वेत नोकरीस लागले आणि हिंदू जिमखान्याचे आधारस्तंभ झाले.

हाच मनुष्य १९११ साली विलायतेस गेला. त्या हरलेल्या हंगामाचा तक्ता आपण आता पुन्हा वाचू. पण ह्या खेपेस जय-पराजयाचा रकाना झाकून ठेवू.

केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध बाळूंनी एकाच डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. लॉर्ड्सवर एम.सी.सी.विरुद्ध ९६ धावांत ४. लेस्टरशायरविरुद्ध दोन डावांत मिळून ११ बळी घेतले, आणि हाच संघाचा पहिल्या दर्जाच्या सामन्यातील पहिला विजय. तो सात गडी राखून मिळाला. त्यानंतर सॉमरसेटविरुद्धचा सामना तर केवळ एक गडी राखून जिंकला गेला, आणि त्यात शिवराम ११३ धावा करून अखेरपर्यंत नाबाद राहिले. शेवटचा गडी मैदानात, बाकी सारे तंबूत, आणि एका टोकाला शिवराम! पहिल्या दर्जाचे जे दोन विजय ह्या संघाच्या पदरी पडले, त्यांपैकी एकावर थोरल्या भावाची मुद्रा आहे आणि दुसऱ्यावर धाकट्याची.

हंगामाच्या अखेरीस बाळूंच्या नावावर पहिल्या दर्जाच्या सामन्यांत ७५ बळी होते. दर बळीमागे सरासरी २०.१२ धावा दिल्या. सर्व सामने धरले तर ११४ बळी, सरासरी १८.८४. गणिताची आवड असलेल्यांनी येथे थोडे थांबावे. गोलंदाजास बळी मिळण्यासाठी आधी प्रतिपक्ष खेळत असावा लागतो. आपला संघ एक डाव राखून पराभूत झाला, तर प्रतिपक्ष दुसऱ्यांदा खेळावयास येतच नाही; वीसऐवजी दहाच गडी बाद करण्याची संधी उरते. प्रतिपक्षाने मोजक्या धावा काढून सामना संपविला, तर तीही संधी अपुरी. ह्यास्तव हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाचे बळी नेहमी तोकड्या कापडातून बेतलेले असतात. हे लक्षात घेऊन १४ सामन्यांवर ७५ बळी वाटून पाहा. सामन्यामागे पाचांहून अधिक पडतात. त्यातून १९११ चा उन्हाळा इंग्लंडात विलक्षण कडक व कोरडा गेला होता. मंदगती गोलंदाजाला ओलसर खेळपट्टी मित्रासारखी असते. ती बाळूंच्या वाट्यास फार थोडी आली असणार.

मुलांनी फळ्यावर ७५ ला २०.१२ ने गुणून १५०९ हे उत्तर काढले. मग कोणीतरी हळूच म्हणाले, "म्हणजे संघ हरला; हे नाही हरले."

आम्ही ते वाक्य दुरुस्त केले. बाळूही हरलेच. संघ हरला की त्यातील प्रत्येक जण हरतो. बळींची संख्या दाखवून त्यातून कोणास सुटका करून घेता येत नाही, आणि बाळूंनी ती करून घेतल्याचे आमच्या वाचनात नाही. मात्र पराभव सर्वांचा मिळून एक असला, तरी प्रत्येकाचे काम निराळे नोंदविले जाते, आणि ते ज्या कागदावर नोंदविले जाते तो कागद पराभवाचाच असतो. १९११ साली कोणी लाजेने तो तक्ता फाडून टाकला असता, तर पंधरा पराभवांबरोबर ते ११४ बळीही गेले असते. ज्याला मैदानाबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, त्याने विलायतेत काय केले, हे सांगावयास मग कोणता पुरावा उरता? त्याच्या बाजूने बोलणारा तो एकच साक्षीदार होता. मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला, तो हरलेल्या संघातील गड्याचाच.

ह्यापुढील वृत्त थोडक्यात सांगतो. एवढे होऊनही हिंदूंच्या संघाचे नायकत्व बाळूंस कधी लाभले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस ते १९२३ साली मिळाले. ह्याच विठ्ठलरावांनी १९४८ मध्ये मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून काढले, त्यामुळे घराण्याच्या पुष्कळ गोष्टी आपणांस कळतात. बाळू पुढे सार्वजनिक कार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि हरले. डॉक्टरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ मते पडली. विद्यार्थिदशेपासून डॉक्टर बाळूंच्या खेळाचे चाहते होते, हे ध्यानी घेतले म्हणजे तो सामना दोघांसही किती अवघड गेला असेल ह्याची कल्पना येते. १९५५ साली बाळू निवर्तले.

पारशी संघांचे वृत्त देण्याचे वर कबूल केले आहे. १८८६ साली त्यांचा पहिला संघ विलायतेस गेला. २८ सामन्यांत विजय १, पराभव १९, अनिर्णित ८. असा तक्ता घेऊन घरी परतणे किती कठीण असेल! परंतु त्यांनी तो दडविला नाही. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, दुसरा संघ गेला. ह्या वेळी ३१ सामन्यांत विजय ८, पराभव ११, अनिर्णित १२, आणि डॉ. मेहेल्लाशा पावरी ह्यांनी १७० गडी बाद केले. पुढे १८९० च्या जानेवारीत मुंबईस पारशी मंडळींनी व्हर्ननसाहेबांच्या विलायती संघास प्रत्यक्ष हरविले. आमचा असा समज आहे की ते १८९० चे यश १८८६ च्या एकोणीस पराभवांच्या वहीत शिकून आलेले होते. साऱ्या देशाच्या संघाला मात्र ह्याहून फार अधिक काळ लागला. १९३२ साली लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना झाला आणि तो आपण १५८ धावांनी हरलो. पहिला कसोटी विजय १९५२ साली मद्रासला मिळाला. इंग्लंडच्या भूमीवर कसोटी जिंकावयास १९७१ साल उजाडावे लागले. तेव्हा अजित वाडेकर नायक होते आणि ओव्हलच्या मैदानावर चंद्रशेखर ह्यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले. पतियाळाच्या संघास विलायतेस जाऊन तेव्हा बरोबर साठ वर्षे झाली होती.

आमच्या खोऱ्यांतील मुलांस अशा हिशेबाची ओळख खरे तर निराळ्या मार्गाने आहेच. भोरहून मान वर केली की रोहिडा किल्ला दिसतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांस दिले, त्यांत हा एक होता. वेल्ह्याकडील राजगड व तोरणा हे राखलेल्या बारांतले. दिलेल्या व राखलेल्या अशा दोन्ही किल्ल्यांची यादी तहाबरोबरच लिहिली गेली, आणि पाच वर्षांनी रोहिडा परत घेताना तीत काय गेले होते हे कोणास विचारावे लागले नाही. असो, इतिहासाच्या शिक्षकांच्या हद्दीत आम्ही अधिक शिरत नाही.

आता आमच्या सहा पराभवांकडे वळू. त्यांचीही कारणे मुलांकडूनच काढून घेतली. आमच्याकडे जूनपासून पाऊस असा लागतो की मैदानावर चार महिने गुडघाभर गवत आणि घोटाभर पाणी असते. सराव सुरू होतो तो दिवाळीनंतर. वेल्ह्याकडची मुले लहानपणापासून खेळतात ती भाताची कापणी झालेल्या खाचरांत, नाही तर भाटघरचे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या जमिनीवर. खाचरातला चेंडू ढेकळावर आपटून कोठे जाईल ह्याचा नेम नसतो. म्हणून आमची मुले चेंडूची वाट पाहतच नाहीत. तो उठण्यापूर्वीच आडवी बॅट फिरवून मोकळी होतात. खाचरात हे शहाणपण आहे. पुण्याकडच्या सपाट खेळपट्टीवर चेंडू सरळ येतो आणि आडव्या बॅटीखालून यष्टी घेऊन जातो. आमचे फलंदाज त्रिफळा होऊन परतले ते बहुतेक असे. एका सामन्यात तर आमचा डाव ३१ धावांत आटोपला. ह्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सरळ बॅट धरण्याचा सराव करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

परंतु पाने तर जळून गेलेली. तेव्हा धावलेखन करणाऱ्या आठवीतील मुलीस आम्ही बोलाविले. ती काही न बोलता उठली आणि दप्तरातून आपली कच्ची वही घेऊन आली. प्रत्येक सामना ती आधी त्या वहीत शिसपेन्सिलीने लिहीत असे व मग पक्क्या पुस्तिकेत उतरीत असे, अक्षर चांगले यावे म्हणून. वहीत पाच सामने होते. सहाव्याच्या दिवशी ती तापाने आजारी होती. तेव्हा पक्की पुस्तिका दुसऱ्या कोणी भरली होती.

पाच सामने आम्ही पुन्हा मांडले. प्रतिपक्षांचे एकंदर ३४ गडी बाद झाले होते. त्यांपैकी १७ एकट्या आमच्या डावखुऱ्या गोलंदाजाने बाद केले होते. चेंडूविषयी प्रश्न विचारणारा तो केळदकडचा मुलगा हाच. ही संख्या त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हती. वहीत कोठे कोठे लहानसे वर्तुळ काढलेले दिसले. ते काय म्हणून विचारता ती मुलगी म्हणाली, "झेल सुटला की मी गोल काढते, सर." त्या मुलाच्या गोलंदाजीवर अशी अकरा वर्तुळे होती, आणि प्रत्येकाशेजारी ज्याच्या हातून झेल सुटला त्याचे आद्याक्षर. चार वर्तुळांशेजारी एकच अक्षर होते.

संघनायक बराच वेळ त्या वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पक्क्या पुस्तिकेतही तिने हे गोल काढले होते, सर."

आम्ही त्यावर काहीच बोललो नाही. डावखुरा मुलगा मात्र चटकन म्हणाला, "सर, सुटलेले झेल नका छापू. नुसत्या विकेटी छापा." ह्यावर दोघांत थोडी बोलाचाली झाली. अखेर संघनायकाचे म्हणणे मान्य झाले आणि तक्त्यात सुटलेल्या झेलांचा एक रकाना वाढविण्यात आला. वार्षिकाच्या क्रीडावृत्तात तो वाचकांस दिसेल. इतर शाळांच्या वार्षिकांत असा रकाना आम्ही पाहिलेला नाही.

सहाव्या सामन्याचा प्रश्न उरला होता. त्याची जागा रिकामी सोडून मजकूर छापखान्याकडे द्यावा असे आम्ही ठरविले होते. परंतु गेल्या शनिवारी संघनायक आमची चिठ्ठी मागून घेऊन सकाळच्या एस.टी.ने गेला आणि ज्या शाळेने आम्हांस शेवटच्या सामन्यात हरविले होते, तेथे बसून त्यांच्या धावपुस्तिकेची नक्कल करून संध्याकाळी परत आला. तेथील मुलांनी त्याला काय विचारले आणि त्याने काय सांगितले हे आम्ही विचारले नाही. नक्कल स्वच्छ होती. प्रतिपक्षाचे चारच गडी बाद होऊन सामना संपला होता, आणि त्यांतील तीन आमच्या डावखुऱ्याच्या नावावर होते. छापखान्यासाठी मजकूर उतरून घेताना आमच्या लक्षात आले की त्या तिघांपैकी दुसरा गडी झेलबाद झाला होता, आणि झेल घेणाऱ्याच्या जागी संघनायकाचे नाव होते. ते त्याने आम्हांस सांगितले नव्हते.